इमॅटिनिब घेताना वाढणारं वजन आणि न हटणारा थकवा

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. नाव ऐकलं की घरातले हादरतात. पण हल्ली बहुतेकांच्या बाबतीत हा रक्ताचा कर्करोग रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. मे २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आपल्याकडे मूळ कंपनीची ग्लिव्हेक महिन्याला लाखाच्या पुढे जायची आणि भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळायची. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट नाकारलं. म्हणून आज शिक्षकापासून रिक्षावाल्यापर्यंत कितीतरी जण ही गोळी घेऊन रोज कामावर जातात. मीही त्यांतलाच एक.

जीव वाचला की पुढचे प्रश्न सुरू होतात. ओपीडीबाहेरच्या बाकावर सगळ्यांत जास्त ऐकू येणाऱ्या तक्रारी दोनच, "वजन वाढतंय" आणि "अंगात जोरच नाही". गंमत अशी की आत गेल्यावर यातलं काहीच बोललं जात नाही. पीसीआरचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय हे मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट चांगला आला की डॉक्टर खूश होतात, आपणही खूश होतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. मग घरी येऊन यूट्यूबवर 'सात दिवसांत वजन कमी' शोधायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की वाढलेला किलो कशाचा आहे आणि थकवा कशामुळे आहे हे आधी शोधा, उपाय त्यानंतर. अंदाजाने केलेले उपाय या आजारात महागात पडतात.

पुढे लिहिलेलं सगळं क्रॉनिक फेजमधल्या, म्हणजे आजाराच्या सुरुवातीच्या संथ टप्प्यातल्या, इमॅटिनिब घेणाऱ्या प्रौढांसाठी आहे. डासाटिनिब किंवा निलोटिनिब या सीएमएलच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या जाता जाता सांगेन.

सगळ्यांत आधी: गोळीला हात लावायचा नाही

वजन वाढलं किंवा थकवा आला की मनात पहिला विचार येतो, "एक दिवसाआड घेऊन बघू का?" बघू नका. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण खरोखर किती गोळ्या घेतात हे बाटलीच्या झाकणातल्या इलेक्ट्रॉनिक चिपने मोजलं होतं. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत 'मेजर मॉलेक्युलर रिस्पॉन्स', म्हणजे पीसीआरमध्ये आजार अगदी खालच्या पातळीवर येणं, गाठण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के निघाली. ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्क्यांवर आली. आता हिशोब करा. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की तुम्ही बरोबर ९० टक्क्यांवर येता. एक लग्न, एक प्रवास आणि एक निर्जळी उपास, झाल्या तीन.

डोस कमी करणं किंवा गोळी बंद करून बघणं हे दोन्ही काही रुग्णांत शक्य असतं. पण त्याआधी काही वर्षं उपचार झालेले असावे लागतात, खोल रिस्पॉन्स दीर्घकाळ टिकलेला असावा लागतो आणि नंतर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करावी लागते. तो निर्णय हिमॅटॉलॉजिस्टचा, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञाचा असतो. आपण फक्त विचारायचं.

एखादी गोळी चुकलीच तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

वाढलेला किलो कोणता?

इमॅटिनिबवर वजन तीन कारणांनी वाढतं आणि तिन्ही एकमेकांत मिसळलेली असतात.

पहिलं म्हणजे परत आलेलं वजन. निदानाच्या वेळी प्लीहा, म्हणजे स्प्लीन, सुजून जठरावर दाबत असते. दोन घास खाल्ले की पोट भरतं आणि महिन्यामहिन्याने वजन घटत जातं. गोळी सुरू झाल्यावर प्लीहा आक्रसते, भूक परत येते आणि घरचेही "खा रे बाबा, किती वाळलास" म्हणून वाढत राहतात. म्हणून तुलना निदानाच्या दिवशीच्या वजनाशी करू नका. आजारपणाच्या वर्षभर आधी किती वजन होतं ते आठवा, जुना मेडिकल फिटनेसचा कागद शोधा. तिथपर्यंतची वाढ म्हणजे बरं होण्याची खूण आहे.

दुसरं म्हणजे पाणी. इमॅटिनिब कर्करोगाच्या बीसीआर-एबीएल प्रथिनाला अडवते, पण तेवढ्यावर थांबत नाही. पीडीजीएफ नावाच्या वाढ-घटकाचे रिसेप्टरही ती अडवते. पेशींच्या आसपासचं पाणी किती दाबाखाली राहावं हे सांभाळण्यात त्यांचा हात असतो. ते अडले की बारीक रक्तवाहिन्यांमधलं पाणी माठातून पाझरावं तसं आजूबाजूच्या ऊतींमध्ये उतरतं. ते आधी दिसतं पापण्यांत, कारण तिथली त्वचा सगळ्यांत पातळ असते. सकाळी उठल्यावर पापण्या फुगलेल्या, डोळे अर्धे मिटल्यासारखे, चष्म्याच्या नाकावरच्या पॅडचे खोल ठसे, आणि दुपारपर्यंत सगळं बरंचसं ओसरलेलं, हे चित्र ज्याने पाहिलंय त्याला ओळखायला वेळ लागत नाही. संध्याकाळी पाणी खाली उतरतं. मोज्याच्या इलॅस्टिकची चर घोट्यावर कोरल्यासारखी दिसते आणि अंगठी निघता निघत नाही.

तिसरं म्हणजे खरी चरबी. भूक वाढलेली, हालचाल घटलेली, थकवा आला की लोळणं आणि 'गोळी पोटात आग करते' म्हणून प्रत्येक वेळी भरपेट जेवण.

हे वेगळं कसं करायचं? साधा हिशोब आहे. एक किलो चरबी साठायला ढोबळ मानाने ७,७०० उष्मांक जास्तीचे लागतात. दोन दिवसांत दोन किलो चरबी वाढायची तर पंधरा हजारांहून जास्त उष्मांक जास्तीचे खावे लागतील, आणि ते कुणाच्याही हातून होत नाही. त्यामुळे दोन-तीन दिवसांत उडी मारलेलं वजन पाणीच असतं. चरबी हळूहळू चढते, महिन्याला अर्धा-एक किलो.

म्हणून वजनाची वही ठेवा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत आणि एकाच काट्यावर वजन करा. काटा लादीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. सूज असेल किंवा गोळी नुकतीच सुरू झाली असेल तर रोज, एरवी आठवड्यातून एकदा. शेजारी दोन खुणा करा, पापण्या सुजल्यात का आणि घोट्यावर खड्डा पडतो का. खड्डा बघायला नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून ठेवा आणि काढा. खळगा तसाच राहिला तर पाणी आहे. कंबरही महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत टेपने मोजा. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही रेघ मानतात, आणि बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. पापण्या सुजल्यात पण कंबर तशीच आहे, तर डाएटने फारसं काही होणार नाही. पापण्या ठीक आहेत आणि पट्ट्याचं भोक बदललंय, तर पुढे ताटाबद्दल लिहिलंय ते वाचा.

पाणी असेल तर

बहुतेकांची सूज सौम्य असते आणि निव्वळ त्रासदायक असते. झोपताना डोक्याखाली एक उशी वाढवा, सकाळी पापण्यांवर गार पाण्याची घडी ठेवा. दुपारी पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर घेऊन पडा. तासन् तास पाय लोंबकळत बसू नका. एसटीच्या लांब प्रवासात हे प्रकर्षाने जाणवतं, गाडी थांबली की उतरून चार पावलं टाका.

खरा फरक पडतो मिठाने. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाही नाही. आपल्याकडे तेवढं मीठ सकाळच्या जेवणातच संपतं आणि ते भाजीत नसतं, ताटाच्या डाव्या बाजूला असतं. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, शेंगदाण्याची चटणी. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम असतं. कोकणात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. शहरात फरसाण, वेफर, पाव, इन्स्टंट नूडल्स, सूपची पाकिटं. यातलं सगळं एकदम बंद करायला सांगितलं तर आठवडाभरात माणूस बंड करतो. माझा अनुभव असा की लोणचं आणि पापड यांपैकी एका वेळी एकच, तेही एकाच जेवणात, हे टिकतं. भाजीत मीठ थोडं कमी करून लिंबू, आमसूल, ओलं खोबरं, कोथिंबीर वाढवली की तीन आठवड्यांत जीभ रुळते. ताकात मिठाऐवजी जिऱ्याची पूड घालून बघा. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

पाणी पिणं स्वतःहून कमी करू नका. इमॅटिनिब मोठा पेला भरून पाण्यासोबतच घ्यायची असते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सूज नेहमी इमॅटिनिबचीच असेल असं नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी अम्लोडिपिन स्वतःच घोट्यांना सूज आणते, आणि इमॅटिनिबमुळे रक्तातली तिची पातळी आणखी वाढू शकते. मधुमेहातली पायोग्लिटाझोन पाणी धरते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही पाणी धरतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. बरं, ही औषधं देणारे डॉक्टर वेगवेगळे असतात. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून हिमॅटॉलॉजिस्टसमोर ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. लघवी वाढवणारी गोळी डॉक्टर देतात, पण शेजारच्या काकांची उरलेली घेऊ नका. पोटॅशियम घसरलं की पायांत गोळे येतात, अशक्तपणा वाढतो आणि प्रसंगी हृदयाचे ठोके बिघडतात.

आणि हे थांबण्यासारखं नाही, त्याच दिवशी फोन करायचा: दोन-तीन दिवसांत दोन किलो किंवा जास्त वाढ, आडवं पडल्यावर धाप, नवा कोरडा खोकला, पोट अचानक फुगणं, लघवी कमी होणं. धाप बसल्या जागी लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर फोन करत बसू नका, जवळचं रुग्णालय गाठा. फुप्फुसाभोवती, पोटात किंवा हृदयाभोवती पाणी साठण्याचं प्रमाण इमॅटिनिबमध्ये कमी आहे. नव्याने निदान झालेल्यांत तीव्र स्वरूपाचं पाणी साठणं सुमारे २.५ टक्के लोकांत नोंदलं गेलंय. साठीच्या पुढचे लोक, हृदयाचा जुना त्रास असलेले आणि जास्त डोस घेणारे यांनी अधिक सावध राहावं. डासाटिनिबवर फुप्फुसाभोवती पाणी होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, तेव्हा त्यांच्यासाठी धाप आणि खोकला हीच पहिली घंटा.

चरबी असेल तर: ताट, आणि गोळीभोवतीचं जेवण

सुरुवात गोळीच्या वेळेपासून करा. इमॅटिनिब जेवणासोबत घ्यायची, कारण रिकाम्या पोटी मळमळ होते. पण जेवण म्हणजे फक्त जेवण. अनेक घरांत गोळीसाठी म्हणून वेगळी न्याहारी सुरू होते: तुपातला शिरा, दूध, केळं, दोन पोळ्या जास्तीच्या. दिवसातल्या नेहमीच्या मोठ्या जेवणाच्या मध्यावर गोळी घ्या, वर पाणी प्या आणि ते जेवण नेहमीइतकंच ठेवा. रात्री घेत असाल तर जेवण आणि झोप यांत निदान दीड-दोन तास ठेवा, नाहीतर घशाशी येतं आणि झोपही बिघडते. (निलोटिनिबचं गणित बरोबर उलटं आहे. ती रिकाम्या पोटी घ्यावी लागते, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. शेजारच्याची पद्धत उचलू नका.)

ताटात मोठी उलथापालथ करू नका. रोज तीनशे ते पाचशे उष्मांक कमी झाले तर महिन्याला दीड-दोन किलोपर्यंत उतरू शकतात आणि याहून जास्त घाई करण्यात अर्थ नाही. हे उष्मांक सापडतात कुठे? तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२०. चहात प्रत्येकी दोन चमचे साखर घालून चार कप झाले की १५० च्या आसपास, बिस्किटं वेगळी. टीव्हीसमोर मूठभर शेंगदाणे, १७०. महिन्याचं तेल घरात किती येतं ते बघा आणि माणसांनी भागा. माणशी अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर पहिली कात्री तिथे.

कमी करायचं ते तेल, साखर, मैदा. प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत, कारण स्नायू गेले तर थकवा दुप्पट होतो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. पोळी-भाजी-भात एवढंच ताट असेल तर तिथपर्यंत पोचणं अवघड आहे. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, दही किंवा ताक, आणि चालत असेल तर दोन अंडी किंवा मासे. अंड्यात सहा ग्रॅम असतात. पिठलं हा दुर्लक्षित पदार्थ आहे. बेसन, कांदा, कमी तेल, सोबत ज्वारीची भाकरी, दहा मिनिटांत तयार. थकलेल्या माणसाला स्वयंपाकघरात उभं राहायचा कंटाळा असतो, त्याला हेच परवडतं.

उपासाबद्दल स्पष्ट बोलतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप हा वजन वाढवायचा उत्तम बेत आहे. वजनासाठी उपास करत असाल तर सोडून द्या. श्रद्धेने करत असाल तर वरई, राजगिरा, दही, काकडी असं काही घ्या आणि गोळी त्याच खाण्यासोबत घ्या. निर्जळी उपास टाळा. रोजे ठेवणाऱ्यांनी इफ्तारच्या जेवणासोबत किंवा सहरीच्या वेळी घेण्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं. दिवसातून एकदाच गोळी असेल तर हे बऱ्याचदा जमतं.

फळांत एक पथ्य पक्कं आहे. ग्रेपफ्रूट नको, आणि त्याचंच भावंड म्हणजे आपलं पपनस. गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी येतं तेच. त्यातले घटक आतड्यातलं, औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि रक्तातली इमॅटिनिबची पातळी वाढू शकते. मोसंबी, नेहमीचं संत्रं, पेरू, पपई खुशाल खा.

वजन उतरवणाऱ्या पावडरी, 'फॅट बर्नर', रक्त शुद्ध करणारे काढे आणि भस्मं यांच्या वाटेला जाऊ नका. इमॅटिनिबचा भार यकृतावर असतोच. करोनाकाळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. यावर आयुर्वेदवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे, वाद चालू राहील. पण ज्याच्या जिवाचा आधार एका गोळीच्या रक्तातल्या पातळीवर आहे, त्याने त्या वादात स्वतःचं यकृत घालू नये.

थकवा: आधी रक्त तपासा, मग मनाला दोष द्या

"आजारच तसा आहे, थकवा येणारच." हे वाक्य घरातलेही म्हणतात आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. इमॅटिनिबमुळे थकवा येतो, सुरुवातीच्या महिन्यांत जास्त येतो आणि बऱ्याच जणांचा पुढे कमी होतो, पण सगळ्यांचा पूर्ण जात नाही. तरीही त्यात दुरुस्त होण्यासारखा एखादा वाटा लपलेला असतो आणि तोच शोधायचा.

हिमोग्लोबिन तर प्रत्येक सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत येतं, आकडा बघायला शिका. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. इमॅटिनिब स्वतः थोडा ॲनिमिया करते, पण पाळीतून रक्त जाणं, मूळव्याध, लोहाची कमतरता ही नेहमीची कारणं सीएमएल झाला म्हणून गायब होत नाहीत. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करून घ्या. आपणहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

बी-१२ ची गोष्ट जरा फसवी आहे. सीएमएलमध्ये निदानाच्या वेळी बी-१२ चा आकडा खूप वर दिसतो, कारण वाढलेल्या पांढऱ्या पेशी बी-१२ धरून ठेवणारं प्रथिन भरपूर सोडतात. तो जुना रिपोर्ट फाइलीत बघून "माझं बी-१२ भरपूर आहे" असं समजणारे भेटतात. पेशी नॉर्मल झाल्यावर तपासा, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची चाचणी करा. थायरॉइड काढलेलं आहे आणि थायरॉक्सिनवर आहात, अशांना इमॅटिनिब सुरू झाल्यावर थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो. थायरॉइड मंदावलं तर वजन, सूज आणि थकवा तिन्ही एकदम येतात, आणि सगळं खापर मात्र इमॅटिनिबवर फुटतं.

फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ड जीवनसत्त्व. इमॅटिनिबवर फॉस्फेट घसरल्याचं २००६ पासून नोंदलं गेलंय. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन झोपमोड होत असेल, हातापायांत वांब येत असतील, तर हे आकडे बघायला सांगा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकवून पोटरी ताणायचा व्यायाम दोन मिनिटं केला तर काहींना बरा फरक पडतो.

मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या होत असतातच. मधुमेही असाल तर साखर घरी तपासत राहा. इमॅटिनिबवर काहींची साखर उतरते आणि जुना डोस जास्त व्हायला लागतो. दुपारी चारला घाम, थरथर आणि गळाठा येत असेल तर तो थकवा नाही, साखर बघा.

आणि झोप. वजन वाढल्यावर घोरणं वाढलं असेल, झोपेत श्वास अडकतो असं जोडीदार सांगत असेल, सकाळी डोकं जड असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. उदास वाटणं, कशातच मन न लागणं, पहाटे तीनला जाग येऊन पुढच्या पीसीआरची धास्ती वाटणं, हेही सांगण्यासारखं आहे. मात्र नैराश्यावरची काही औषधं आणि 'सेंट जॉन्स वर्ट' नावाची वनस्पती इमॅटिनिबशी भिडते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना गोळीचं नाव आवर्जून सांगा. टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं तर इमॅटिनिबची पातळी पाडतात.

थकव्याची वेळ ओळखा

आठवडाभर वहीत सकाळ, दुपार, संध्याकाळ थकव्याला शून्य ते दहा गुण द्या, आणि गोळी कधी घेतली ते लिहा. काहींचा थकवा गोळीनंतर दोन-चार तासांत चढतो. अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीच्या जेवणात हलवली की ऑफिसमधला दिवस सुटतो. काहींचा दुपारी तीननंतर वाढतो, त्यांनी बँक, हिशोब, महत्त्वाचं बोलणं सकाळी उरकावं. वामकुक्षी वीस-तीस मिनिटांची, गजर लावून. दोन तासांची झोप घेतली की रात्र गेली, आणि दुसरा दिवसही.

घरातल्या बाईला थकवा असेल तर तिला विश्रांती घे म्हणणं पुरत नाही, दिवसातलं एक काम तिच्या हातून काढून दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. संध्याकाळच्या पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या तर आकाश कोसळत नाही.

चालणं

थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणं क्रूर वाटतं, पण कर्करोगाच्या थकव्यावर ज्या उपायांना सर्वांत भक्कम आधार आहे त्यांत व्यायाम वरच्या जागी येतो. लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं मध्यम गतीचं चालणं. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. सुरुवात दहा मिनिटांनी करा, जेवणानंतर तासाभराने, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. चांगला दिवस आला म्हणून एकदम पर्वती चढून आलात तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातील.

आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी वेळ द्या: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला टेकून दंड दहा वेळा, पाण्याची लिटरची बाटली हातात घेऊन वर-खाली दहा वेळा. प्लीहा अजून मोठी असेल तर पोटावर दाब येणारे व्यायाम, जड उचलणं आणि धक्काबुक्कीचे खेळ नकोत. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असतील, ताप असेल किंवा नवी धाप असेल, तर त्या दिवशी व्यायाम बंद.

पुढच्या भेटीला काय न्यायचं

वजनाची वही, थकव्याचे गुण, सगळ्या औषधांची पाकिटं, आणि सूज असेल तर सकाळच्या चेहऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. ओपीडीत नंबर लागेपर्यंत पापण्या उतरलेल्या असतात आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही, म्हणून फोटो. आत गेल्यावर पीसीआरचा विषय निघायच्या आधी बोला, नंतर वेळ उरत नाही. "तीन महिन्यांत चार किलो वाढलेत, त्यांतले दोन एका आठवड्यात" असं सांगितलंत तर डॉक्टर पाय दाबून बघतील. "वजन वाढतंय हो" म्हणालात तर "कमी खा" एवढंच ऐकून बाहेर याल.

विचारायचे प्रश्न थोडके आहेत. ही सूज गोळीची की दुसऱ्या औषधाची? फेरिटिन, बी-१२, टीएसएच, फॉस्फेट शेवटचं कधी झालं? गोळीची वेळ बदलली तर चालेल का? आणि सगळं करूनही सहा महिन्यांत काही फरक नसेल तर डोस कमी करणं किंवा दुसऱ्या गोळीवर जाणं माझ्या रिस्पॉन्समध्ये बसतं का? शेवटच्या प्रश्नाला बहुधा लगेच उत्तर मिळत नाही. डॉक्टर आधीचे पीसीआरचे आकडे मागतील, म्हणून पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेवार लावून फाइलीत ठेवा. दुसऱ्या गोळीचेही स्वतःचे उपद्रव आहेत. निलोटिनिबवर साखर आणि कोलेस्टेरॉल वाढतं आणि रक्तवाहिन्यांचा धोका असतो, डासाटिनिबवर फुप्फुसाभोवती पाणी. तेव्हा बदल मागायच्या आधी घरात मधुमेह, हृदयविकार, सिगारेट यांचा इतिहास काय आहे तेही एका कागदावर लिहून न्या.